डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, बाबू!

ये. बस. खुर्चीवर नाही, त्या स्टुलावर. सायकल भिंतीला टेकव आणि हेल्मेट काढ. मला तुझे कान मोकळे पाहिजेत.

तुझी मावशी काल येऊन गेली. तक्रार घेऊन नव्हती आली, उलट तुझं कौतुक करून राहिली होती. "दादानं आपल्या भारी सायकलीचे पायडल काढून माह्या पोरीच्या सायकलीले लावून दिले, किती जीव आहे त्याचा बहिणीवर!" मी ऐकून घेतलं. ती गेल्यावर पोरीची सायकल उलटी केली, डावा क्रँक उजेडाकडे धरला आणि भोकात पाहिलं. आट्यांचा भुगा. उजवं पायडल तू डावीकडे घातलंस आणि डावं उजवीकडे. बोटांनी जाईना म्हणून पाना लावलास, पान्यानं जाईना म्हणून पान्याच्या दांडीला पाइप लावलास. बरोबर ना? मान हलवू नको, तोंडानं बोल. फिटर ट्रेडची दोन वर्षं माझ्यापुढे काढलीस. टॅप फिरवलास, डाय फिरवलीस, आटे मोजलेस. आणि सायकलीपाशी आल्यावर अक्कल कुठे ठेवून आलास?

डावं पायडल शाळेतून येताना गळून पडलं. पोरगी उभी राहून चढ चढत होती, मागे कॅरियरवर मैत्रीण. दोघींचे गुडघे फुटले. उजव्याची गत तीच आहे, ते फक्त अजून लोंबकळतंय. मावशी म्हणते, पोरगीच धांदरट. मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. ते तू सांगायचं आहेस, तिच्या घरी जाऊन, पोरीच्या समोर.

"सर, पायडल जुने होते, पण चालून राहिले होते."

चालून राहिले होते ना? मग तू काहून बदललेस? तुझ्या पायाला खटकत होते म्हणूनच ना? तुझ्या पायाला जे खटकतं ते तिच्या पायाला गोड लागेल, हा हिशेब कुठला? टाकायची लाज वाटली म्हणून दिलंस, आणि दिलंस म्हणून दानशूर झालास. हे दुसऱ्याच्या गुडघ्यावर केलेलं दान आहे.

ती सायकल साधी समजू नको. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. शाळा पाच किलोमीटरच्या आत, पण मधे रस्ता असा की पोरगी एकटी चालत गेली तर घरचे शाळाच बंद करतील. आपल्या चंद्रपुरात मूल, सावली, सिंदेवाहीकडे आणि पलीकडे गडचिरोलीत धानोरा, कुरखेडा, कोरचीकडे कितीतरी पोरींचं दहावीपर्यंत पोचणं त्या दोन चाकांवर टिकलेलं आहे. तुझी सायकल बिघडली तर तुझा रविवार बुडतो. तिची बिघडली तर आधी चार दिवस बुडतात, मग महिना बुडतो, मग कुणीतरी म्हणतं, राहू द्या आता, घरी काम आहे. पायडल गळणं ही त्या रस्त्यावरची बारकी गोष्ट नाही.

आणि तू तिला दिलंस काय? अंगभर टोकदार खिळे असलेलं ॲल्युमिनियमचं पायडल. ते खिळे तुझ्या जाड तळाच्या बुटात रुतावेत म्हणून असतात. ती चपलेवर सायकल चालवते. पावसात पाय घसरला की ते खिळे थेट नडगीवर ओढले जातात, आणि सलवारचा काठ अडकला तर मग विचारूच नको. तिच्या सायकलीला रबराचं पायडल होतं, दोन ठोकळ्यांचं, तेच तिला योग्य होतं. रबर गुळगुळीत झालं होतं हे खरं. मग रबरं बदलायची! बऱ्याच साध्या पायडलांना रबराचे ठोकळे वेगळे बसतात. नाही मिळाले तर अख्खी नवी जोडी तुम्हा पोरांच्या रविवारच्या तर्री-पोह्याच्या बिलात येते. पण नाही. साधी वस्तू नवी घेऊन देण्यात मिरवायला काय मिळणार?

आता तुझी ही देणगी बघ. हे उजवं पायडल. क्रँक घट्ट धरायचा, मग पायडल दोन बोटांत धरून आतबाहेर हलवायचं. क्रँक का धरायचा? कारण बी.बी., म्हणजे क्रँकच्या मधलं बेअरिंग, सैल असेल किंवा साध्या सायकलीची कॉटर पिन झिजली असेल, तर सगळंच हलतं आणि दोष पायडलाला लागतो. प्रत्येक फेऱ्याला एकदा 'कट्' वाजलं की दुकानदाराला "पायडल बदला" म्हणून मोकळा होणारा तू एकटा नाहीस, म्हणून सांगतो. हलव. लागला खेळ? आता फिरव. ऐक. वाळू दळल्यासारखा आवाज येतो ना? आणि हे दुसरं तर फिरतच नाही, जाम आहे. जाम पायडल तू एका पोरीच्या सायकलीला लावलंस.

जाम पायडल म्हणजे नुसता पायाला त्रास, असं तुला वाटतं. वाटणारच. फळ्यावर हे मी काढून दाखवलं होतं तेव्हा तू शेवटच्या बाकावर काय करत होतास, मला माहीत आहे. पुन्हा सांगतो, शेवटचं.

उजव्या पायडलाचे आटे नेहमीचे, उजव्या हाताचे. डाव्याचे उलटे, डाव्या हाताचे. असं कशाला केलं? पेन्सिल घे. मूठ सैल धर, त्यात पेन्सिलीचं एक टोक घाल, आणि दुसऱ्या हातानं मोकळं टोक गोल गोल फिरव. नीट बघ, पेन्सिल मुठीच्या कडेला घासत स्वतःभोवती उलट्या दिशेनं फिरते. पायडलाच्या दांडीचं क्रँकमध्ये तसंच होतं. तू पाय खाली दाबतोस, क्रँक फिरत राहतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबानं तुझा भार सतत जागा बदलत दांडीभोवती फिरतो, आणि आट्यांमध्ये केसाएवढा जरी सैलपणा असला तरी दांडी सरकत सरकत उलटीकडे वळते. डाव्या बाजूला नेहमीचे आटे ठेवले, तर काही दिवसांत डावं पायडल निघून हातात येईल. म्हणून तिथले आटे उलटे. उजव्या-डाव्याची ही भानगड दुकानदारांना छळण्यासाठी कुणी काढलेली नाही.

आता जाम पायडलाचं ऐक. छर्रे मोकळे असले की पायडल दांडीभोवती फिरतं, दांडी आपल्या जागी राहते. छर्रे जाम झाले की पायडल दांडीला आपल्यासोबत ओढतं, आणि ती ओढ नेमकी आटे उलगडण्याच्या दिशेची असते. दोन्ही बाजूंना तशीच. म्हणजे जाम झालेलं पायडल प्रत्येक फेऱ्याला स्वतःला क्रँकमधून काढत असतं. पायडल नीट बसवलं असतंस तरी ते गळण्याची सोय त्या जाम छर्ऱ्यांनी केलेली होतीच. आटे चुकवून तू ती घाई केलीस, इतकंच.

पाणी हवं? पी. अजून झालेलं नाही.

छर्रे जाम का झाले ते विचार. तू सायकल कुठे धुतोस? गाड्या धुतात तिथल्या प्रेशरच्या पंपानं. त्या धारेनं चिखल बाहेर जातो आणि पाणी आत जातं, ग्रीसचा साबण होतो, मग आठवड्याभरात गंज. आणि आपल्या मुलखातली धूळ साधी नाही. दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूर, जिकडे जाशील तिकडे कोळशाची भुकटी. २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र गावाच्या उशाशी, त्याची राख. पुढे गडचिरोलीत सूरजागडचा लोखंडी दगड वाहणाऱ्या ट्रकांच्या वाटेवर गेलास तर लाल धूळ. आणि लोखंडाच्या त्या लाल गंजाचीच बारीक भुकटी जगभर काचा आणि दागिने घासून चमकवायला वापरतात. ती धूळ तुझ्या पायडलाच्या कपात शिरली की छर्रे आणि कोन रोज घासते, आणि तिथे चमक कुणाला नको असते. वर मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या घरात, पातळ ग्रीस वाहून जातं. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत बांध्यांमधला चिखल. पुण्यामुंबईच्या पोरांनी वर्षातून एकदा पायडल उघडलं तर चालत असेल. चंद्रपुरात नाही.

उघडायचं कसं, तेही तुला येत नाही, कारण तू कधी उघडलंच नाहीस. तू दोन व्हिडिओ पाहिलेस आणि नवीन मागवलंस. ऐक. बाहेरच्या टोकाची टोपी काढ. आत चेकनट, त्याखाली जीभ असलेला वायसर, त्याखाली कोन. खाली जुनं धोतर पसर, नाहीतर छर्रे फरशीवर नाचत कपाटाखाली जातील आणि तू अंदाजानं कमी छर्रे भरशील. आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे छर्रे वेगवेगळे मोज, लिहून ठेव. सगळं रॉकेलमध्ये धू, रॉकेल मिळत नसेल तर डिझेल घे. मग कोन आणि कप उजेडात बघ. पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत असला, तर नवे छर्रे, नवं ग्रीस, आणि ते पायडल पुन्हा कामाला लागलं. कोनावर खड्डे पडले असतील, तर नवे छर्रे घालून फसवणूक करू नको, स्वतःची सुद्धा. खड्डे नव्या छर्ऱ्यांनाही खातात. दांडी काचेवर लोळवून बघ. डुलली की वाकली, ती टाकायची.

बसवताना कोन इतका घट्ट कर की खेळ राहणार नाही आणि इतका सैल ठेव की पायडल स्वतःच्या वजनानं फिरेल. या दोन गोष्टींच्या मधली जागा फार अरुंद आहे, ती हाताला सापडते, पुस्तकात नाही. चेकनट आवळताना कोन फिरतो आणि सगळं बिघडतं. म्हणून त्या जिभेच्या वायसरचं काम. तो वायसर फेकून देणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. तू त्यांच्यात जमा होऊ नको.

सगळीच पायडलं उघडत नाहीत, हेही खरं. काहींचा सांगाडा रिव्हेटनं बंद असतो, काहींत सील केलेलं बेअरिंग असतं, काहींत नुसता बुश. सील बेअरिंगचं असेल तर बेअरिंग बदलता येतं, आधी नंबर बघून मिळतं का ते विचार. रिव्हेटचं, प्लास्टिक तडकलेलं, दांडी वाकलेली असेल तर नवी जोडी घे. जोडी म्हणतोय मी, एक नाही. एका पायाखाली उंच आणि एका पायाखाली ठेंगणं पायडल घेऊन शंभर किलोमीटर गेलास तर गुडघा तुला पुढचा हिशेब सांगेल. आणि हे नुसत्या दांडीवर सायकल चालवणारे, ज्यांच्या पायडलाचं प्लास्टिक गळून कधीच गेलं आणि आत उरलेल्या लोखंडी काडीवर पाय ठेवून जे बाजाराला येतात, त्यांना हसण्याचा तुला हक्क नाही. त्यातल्या अनेकांना पैशाची अडचण आहे. तुझी अडचण फक्त आळसाची आहे.

"सर, काढताना पायडल हलतच नव्हते."

काढायची दिशा माहीत असती तर हललं असतं. दोन्ही पायडलं सुटतात मागच्या चाकाकडे पाना फिरवून, दोन्ही आवळली जातात पुढच्या चाकाकडे फिरवून. पाना वर उभा असताना म्हणतोय. एवढं एक वाक्य पाठ कर, डावं-उजवं विसरलास तरी चालेल. तू डावं पायडल नेहमीच्या दिशेनं सोडवायला गेलास, म्हणजे तासभर घाम गाळून आवळत बसलास. पंधराचा पाना, लांब दांडीचा. काही पायडलांना मागून सहाची किंवा आठची एल-की लागते. मागून बघताना दिशा उलटी दिसते, तिथे भलेभले फसतात. चेन पुढच्या मोठ्या दातऱ्यावर घे, म्हणजे पाना सटकला तर दात बोटांत घुसणार नाहीत. गंजलं असेल तर आदल्या रात्री तेल सोड आणि झोप. सकाळी जोर लावायचा, पाइप नाही.

घालताना आधी दांडीच्या टोकाला एल आणि आर कोरलंय का ते बघ. अक्षर झिजलं असेल तर दांडी आटे वर करून उभी धर. आटे उजवीकडे चढत गेले तर उजवं, डावीकडे चढत गेले तर डावं. आट्यांना ग्रीस. मग पाना खाली ठेव. हो, खाली ठेव! पहिले चार-पाच फेरे बोटांनी गेले पाहिजेत. नाही गेले तर थांब, काढ, पुन्हा सरळ लाव. बोटांना जे जात नाही ते पान्यानं घालणाराचे हात मी वर्गात पट्टीनं लाल केले असते, पण आता तुझं वय झालं. स्टीलच्या दांडीपुढे ॲल्युमिनियमचा क्रँक मऊ असतो, तुझ्या सायकलीचा तसाच आहे. एकदा आटे तिरके गेले की तो क्रँक गेला. मग एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे बुश बसवायला रांग लाव. शेवटी पान्यानं चांगलं आवळ, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा आवळून बघ.

रिफ्लेक्टर काढून टाकलेस ना नव्या पायडलांचे? "दिसायला बरे नाही दिसत"? रात्रीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तू दिसत नाहीस, तुझा टी-शर्ट दिसत नाही. वरखाली होणारे ते दोन ठिपके दिसतात, आणि वरखाली हलतात म्हणून तो ओळखतो की पुढे सायकलवाला आहे. घरी जाऊन लाव.

आता तुमच्या त्या मोठ्या बेताबद्दल. डिसेंबरात वरोऱ्याच्या आनंदवनापासून हेमलकशापर्यंत, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीवरून. "बाबांच्या वाटेनं" असं छापलंयस म्हणे कागदावर. बाबा आमटेंचं नाव घेतलंस म्हणून बोलतो. १९८५ च्या डिसेंबरात सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा नेली, सोबत शंभरावर तरुण मुलंमुली सायकलींवर. स्वतः बाबा मणक्याच्या दुखण्यामुळे बसू शकत नव्हते, गाडीत आडवे पडून निघाले. ज्यांचे पाय धड होते त्यांनी पायडल मारले, अख्खा भारत उभा कापला. त्या सायकली तुझ्यासारख्या गिअरच्या, सस्पेन्शनच्या नव्हत्या. एवढं अंतर पायडल आपोआप तोलत नाही. रोज संध्याकाळी कुणीतरी पाना घेऊन बसावंच लागतं. त्यांचं नाव कागदावर छापायचं आणि पायडलाची टोपी उघडायचीसुद्धा तसदी घ्यायची नाही, याला मी काय म्हणू?

आणि तो रस्ता बघ एकदा डोळ्यांपुढे आणून. आष्टीला वैनगंगा ओलांडलीस की पुढे आलापल्ली. आलापल्लीपासून भामरागडकडे साठ-पासष्ट किलोमीटर, पेरिमिली, ताडगाव, आणि मधे जंगल. सायकलीचं सुटं सामान आलापल्लीत मिळेल ते मिळेल, पुढे पायडलाची जोडी शोधत बसू नको. तिथल्या माणसांना पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटतं हे माहीत असतं, आणि म्हणून ती घरात जास्तीचं मीठ, जास्तीचं तेल ठेवतात. तुझ्या पाठपिशवीत जास्तीचं काय आहे? फोनचा चार्जर.

इकडच्या बाजूचं तर आणखी वेगळं. तू दर रविवारी पहाटे मूल रस्त्याला जातोस, लोहारा, अजयपूर, चिचपल्ली. ताडोबा १९५५ ला राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ ला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला, पण वाघाला तुझ्या नकाशावरची रेघ कुणी दाखवलेली नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात, मूलच्या आसपास, शेताच्या बांधावर वाघ फिरतो हे तुला मी सांगायला नको. उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना माणसं गेली, त्यातली कितीतरी वाकलेली, बसलेली होती. वनविभागाची माणसं गावोगाव तेच सांगतात: एकटे जाऊ नका, पहाटे आणि तिन्हीसांजेला जाऊ नका, वाकून बसू नका. आता सांग, पायडल गळालं की तू काय करतोस? सायकल आडवी करतोस आणि रस्त्याच्या कडेला झुडपाशी उकिडवा बसतोस. पाठ जंगलाकडे, डोळे पान्याकडे, कानात गाणी. सायकलीवरचा माणूस उंच असतो, चालता असतो. तूच स्वतःला ठेंगणा करून घेतोस, आणि तेही घरी पाच मिनिटांत दिसला असता अशा दोषासाठी. तशी वेळ आलीच तर तिथे बसायचं नाही. सायकल ढकलत पुढच्या गावापर्यंत जायचं, सोबत्याला थांबवायचं, एसटीला हात दाखवायचा. दुरुस्ती चार घरं दिसल्यावर.

पोरगीही त्याच रस्त्यानं शाळेतून येते. तिन्हीसांजेला. तिचं पायडल गळालं तेव्हा ती आणि मैत्रीण सायकल ढकलत आल्या. एवढंच सांगतो, बाकी तू समजून घे.

आता कामाचं बोलू. तिचे दोन्ही क्रँक बदलायचे. वेल्डिंग नाही. पायडल क्रँकला कायमचं वेल्ड करून देणारे भेटतील, "बाबू, आता जन्मात निघणार नाही" म्हणून सांगतील. निघणार नाहीच, आणि उद्या छर्रे गेले की क्रँकसकट टाकावं लागेल. साध्या सायकलीचा डावा क्रँक एकटा मिळतो, स्वस्त मिळतो. उजवा चेनव्हीलसकट येतो, तो महाग. दोन्ही तुझ्या खिशातून. नव्या कॉटर पिना घे, जुन्या ठोकून काढल्यावर परत लावायच्या नसतात. आणि रबराच्या पायडलांची नवी जोडी, नवी म्हणतोय, कुणाच्या सायकलीवरनं उतरवलेली नाही. बसवायला तिला शेजारी उभं कर. पाना तिच्या हातात दे. डाव्याचे आटे उलटे, हे तिलाही कळू दे. तिला तुझ्यापेक्षा लवकर कळेल अशी माझी खात्री आहे.

ही तुझी दोन पायडलं मी ठेवून घेतो. एक उघडून वर्गात टांगणार आहे, कोनावरच्या खड्ड्यांसकट. खाली तुझं नाव लिहिणार नाही, भिऊ नको.

रविवारी सकाळी सात वाजता या अंगणात ये, तुमच्या त्या टोळीतल्या सगळ्यांना घेऊन. प्रत्येकानं आपलं पायडल स्वतः उघडायचं. मी खुर्चीवर बसून बघणार आहे, हात लावणार नाही. जुनं धोतर आणा, ग्रीसचा डबा आणा, छर्रे पाच बत्तीसांश इंचाचे आणा. आणि पंधराचा पाना. गेल्या वेळेसारखा कुणी स्क्रू-पाना घेऊन आला तर दारातूनच परत पाठवीन.

ऊठ. सायकल घे. आणि जाताना डावं पायडल हलवून बघ. तू आत आलास तेव्हापासून मला ते सैल दिसतंय.